फ्रेझल व्हर्ब पाठ असतात, पण ऐनवेळी दगा देतात: बिघाड कसा शोधायचा

आधी लक्षणं

वहीत दोनशे-तीनशे फ्रेझल व्हर्ब्जची यादी आहे, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला 'अप', 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द (त्याला इथे शेपूट म्हणू) अशा जोड्यांची. यादी समोर धरून कोणी विचारलं तर अर्थ धडाधड सांगता येतात. तरीही खालच्यापैकी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा होते.

क) बोलताना 'पुट ऑफ' सुचत नाही, 'पोस्टपोन'वर वेळ मारून न्यावी लागते. ऐकलं की कळतं, स्वतःला मात्र वापरता येत नाही.

ख) 'कॉल ऑफ', 'कॉल अप', 'कॉल बॅक' यांची गल्लत होते. रद्द करणं कोणतं आणि उलट फोन करणं कोणतं, दर वेळी अडखळायला होतं.

ग) 'द डील फेल थ्रू' यातला शब्द न् शब्द ओळखीचा असतो, पण डील झाली की फिसकटली तेच कळत नाही.

घ) 'पिक अप इट', 'टर्न ऑफ इट' असं तोंडून निघून जातं.

च) नको तिथे शेपूट लागतं: 'कोप अप विथ', 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक'.

छ) छापलेलं समजतं, तेच कानावर पडलं की नुसता गडगडाट.

क आणि ख असेल तर पहिल्या दोन तपासण्यांत काम होऊन जातं. ग साठी दुसरी आणि चौथी बघा, च साठी तिसरी, घ साठी पाचवी, छ साठी सहावी. तरीही सुरुवात पहिलीपासूनच करा. वरवर पाहता कानाचा वाटणारा दोष पुष्कळदा वहीतूनच आलेला असतो.

बहुतेक जण दोष स्मरणशक्तीला देतात. तिचा काही गुन्हा नसतो. क्रियापद एकटंच पाठ केलेलं असतं. कोण काय करतंय आणि कशाला करतंय, ही त्याची सोबत वहीत उतरवलेलीच नसते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत हाच दोष वेगळ्या वेषात सापडेल. ही अडचण काही आजची नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सगळ्यात जड जाते.

तपासणी १: यादीचा क्रम (पाच मिनिटं, खर्च शून्य)

वही उघडा. 'गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे' असं एकाखाली एक लिहिलेलं दिसतंय? ख लक्षणाचं मूळ इथेच आहे. दिसायला सारख्या गोष्टी एका बैठकीत शिकल्या की त्या एकमेकींत मिसळतात. वर्गात आलेल्या जुळ्या भावांची नावं एकाच वेळी सांगितली तर वर्षभर गोंधळ होतो. एकाची ओळख महिनाभर आधी झाली असेल तर होत नाही. पुस्तकं 'गेट'ची, 'टेक'ची अशी मांडणी करतात, कारण तशी शोधायला सोपी जाते. ती शब्दकोशाची मांडणी झाली. शिकायला ती कुचकामी.

दुरुस्ती अशी: एका बैठकीत पाचच घ्या. पाचही क्रियापदं वेगळी, जमल्यास शेपटंही वेगळी, प्रसंग मात्र एक. सकाळचा प्रसंग धरा. अलार्म 'गोज ऑफ', आपण 'वेक अप', कपडे 'पुट ऑन', डब्यातली साखर संपलेली म्हणजे 'रन आउट ऑफ', मग गाडीत 'गेट इन'. पाचही एकाच धाग्यात बसतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. 'गेट'चा दुसरा भाऊ आणायचा तो पहिला पक्का झाल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी.

क्रमाबरोबर यादीची लांबीही बघा. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या भाषा-अभ्यासकांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह तपासला. फक्त २० क्रियापदं आणि ८ शेपटं यांच्या जोड्यांनी त्यातल्या फ्रेझल व्हर्ब्जच्या वापराचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला होता. पुढे २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी सर्वाधिक वापरातली १५० फ्रेझल व्हर्ब्ज घेतली, त्यांचे खरोखर नेहमी भेटणारे अर्थच ठेवले, आणि एकूण २८८ अर्थांची यादी केली. रोज पाच म्हटले तर दोन महिन्यांचं काम. तेव्हा 'तीन हजार फ्रेझल व्हर्ब्ज' असली पीडीएफ डाउनलोड केलेली असेल तर ती शब्दकोश म्हणून बाजूला ठेवा. पाठ करायला घेऊ नका.

तपासणी २: कार्डावर नेमकं काय लिहिलंय

ही तपासणी सगळ्यात जास्त दोष पकडते, म्हणून जरा तब्येतीत करा.

वहीत बहुधा असं असतं: 'गो ऑफ = बंद होणे'. आता हे वाक्य घ्या: 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.' वहीच्या हिशेबाने अलार्म पाच वाजता बंद पडला. प्रत्यक्षात तो पाच वाजता वाजला. अर्थ उलटाच! आणि 'द लाइट्स वेंट ऑफ' मध्ये दिवे खरंच गेले. 'द गन वेंट ऑफ', बंदूक उडाली. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', दूध नासलं. हा वापर ब्रिटिशांचा. 'ही वेंट ऑफ विदाउट अ वर्ड', तो काही न बोलता निघून गेला. पाच वाक्यं, पाच अर्थ, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते दर वेळी कर्त्याने ठरवलं. 'गो ऑफ'ला स्वतःचा असा एक अर्थ नाहीच. त्यामुळे बरोबरीच्या चिन्हापुढे एकच शब्द लिहिला की चार वेळा तरी फसगत ठरलेली.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. 'लागणे' बघा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, गोडी लागते, पत्ता लागतो, आणि दार नुसतंच लागतं. 'लागणे'चे आठ अर्थ कोणी पाठ केले होते? पोराने 'भूक लागली' हे आख्खं ऐकलं, आख्खं वापरलं. 'गो ऑफ'लाही तीच वागणूक द्यायची.

कार्ड असं करा. पुढच्या बाजूला आख्खं मराठी वाक्य: 'पहाटे पाचला अलार्म वाजला.' मागे आख्खं इंग्रजी वाक्य: 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.' एका कार्डावर एकच अर्थ. 'दूध नासलं' हे वेगळं कार्ड, आणि ते अलार्मचं कार्ड पक्कं झाल्यावरच. पाठीमागे 'गो ऑफ' एवढंच लिहिलं तर सगळी मेहनत पुन्हा जुन्या खड्ड्यात.

मराठी पुढे आणि इंग्रजी मागे का? यादी पाठ करताना आपण इंग्रजी वाचतो आणि मराठी आठवतो. बोलताना गाडी उलट्या दिशेने जाते. डोक्यात मराठी आशय असतो आणि इंग्रजी हवं असतं. एका दिशेने केलेला सराव दुसऱ्या दिशेला फार थोडा पोहोचतो. क लक्षण असणाऱ्यांनी आणखी काही न करता नुसती कार्डं उलटी फिरवली तरी फरक दिसतो. तोंडाने मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात सगळ्यांनाच सगळं येत असतं.

वाक्य मुद्दाम भूतकाळात घ्या. बऱ्याचदा 'फॉल थ्रू' माहीत असतं, पण 'फेल थ्रू' ओळखू येत नाही. हा 'फेल' परीक्षेतला नापास नव्हे, 'फॉल'चा भूतकाळ. 'वेअर आउट'चं 'वोर आउट' होतं, 'ब्रिंग अप'चं 'ब्रॉट अप', 'वाइंड अप'चं 'वाउंड अप'. हे शेवटचं लिहिताना जखम या अर्थाच्या शब्दासारखंच दिसतं, त्याचा उच्चार मात्र 'वूंड'. म्हणून 'वी वाउंड अप इन द राँग बिल्डिंग' वाचताना माणूस जखमेशी अडतो, आणि 'शेवटी भलत्याच इमारतीत जाऊन पोहोचलो' हा साधा अर्थ हातून निसटतो.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसापासून. कागदी कार्डं उत्तम चालतात. हिशेब ठेवायचा कंटाळा असेल तर अंकी हे ॲप तारखा स्वतः सांभाळतं. फक्त त्यात दुसऱ्याने बनवलेला तयार संच घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा बरोबरीच्या चिन्हाचीच रांग असते, आणि स्वतः वाक्य जुळवताना जी अर्धी पाठांतराची मेहनत आपोआप होते, तीही वाया जाते.

तपासणी ३: मराठी क्रियापद मागच्या दाराने येतंय का

च लक्षणाचं कारण बहुधा हेच. 'काढणे' घ्या. कपडे, बूट, चष्मा काढणं 'टेक ऑफ'. खिशातून काढणं 'टेक आउट'. बोलताना विषय काढणं 'ब्रिंग अप'. फोटो काढणं नुसतं 'टेक', त्याला शेपूट नाही. चित्र काढणं 'ड्रॉ'. वेळ काढणं 'मेक टाइम'. मराठीत सगळीकडे एकच क्रियापद असल्यामुळे इंग्रजीतही एकच चालेल असं मन धरून चालतं, आणि 'टेक आउट अ फोटो' जन्माला येतं. तसंच फोन ठेवण्याचं. 'कीप द फोन' म्हणजे फोन तुझ्याकडेच राहू दे. बोलणं संपवून ठेवला तर 'हँग अप'. दिवा लावणं 'टर्न ऑन' किंवा 'स्विच ऑन'. 'ओपन द लाइट' म्हटलं तर ऐकणारा दिव्याचं झाकण शोधेल.

फॉर्म भरण्याचा घोळ तर घरोघरी आहे. ब्रिटिश 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट'. 'फिल अप' टाकीसाठी, बाटलीसाठी, काठोकाठ भरणं. दुसरीकडेही शेपटाने अर्थ असाच बदलतो. 'वॉश अप' म्हणजे ब्रिटनमध्ये भांडी घासणं, अमेरिकेत हात-तोंड धुणं.

फुकटची शेपटं तीन वाटांनी येतात. 'कॅच अप विथ', 'कीप अप विथ' कानात बसलेलं असतं, त्या चालीवर 'कोप'लाही 'अप' चिकटतं. बरोबर आहे नुसतं 'कोप विथ'. मराठीत आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं. इंग्रजीत 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं: 'वी डिस्कस्ड द बजेट'. 'रिटर्न'मध्ये परत येणं आधीच आहे, 'बॅक' लावलं की दोनदा परत येणं झालं. आणि 'आय पास्ड आउट इन २०१९' हे आपल्याकडे पदवी मिळाल्याचं चालून जातं, पण बाहेरचा माणूस 'बेशुद्ध पडलो' असं ऐकतो. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण संपतानाच्या संचलनाला 'पासिंग आउट परेड' म्हणतात हे खरं. बायोडेटात मात्र 'ग्रॅज्युएटेड'च लिहा.

तपासायचं कसं? गेल्या महिन्यात पाठवलेल्या दहा इंग्रजी मेल उघडा आणि प्रत्येक क्रियापदापुढच्या छोट्या शब्दाखाली रेघ मारा. नंतर ती क्रियापदं लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, बघा. लाँगमन, केंब्रिज, ऑक्सफर्ड या तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. अर्ध्या तासात स्वतःच्या नेहमीच्या चार-पाच चुका सापडतात, आणि त्या तेवढ्याच असतात. माणूस नव्या चुका फारशा करत नाही, जुन्याच पुन्हा करतो.

तपासणी ४: शेपटाचा कल

'अप', 'ऑफ', 'आउट' यांना स्वतःचा थोडा अर्थ असतो, आणि तो कळला की कार्डं लवकर बसतात. 'अप'चा एक कल आपल्या 'टाकणे'सारखा आहे, काम पुरं करून मोकळं होण्याचा. खाऊन टाक 'ईट अप', वापरून टाक 'यूज अप', फाडून टाक 'टेअर अप'. दुसरा कल वाढण्याचा: 'स्पीक अप', 'हीट अप'. तिसरा उगवण्याचा, अवचित समोर येण्याचा: 'शो अप', 'टर्न अप'.

'आउट'मध्ये संपत जाणं दिसतं ('रन आउट', 'सेल आउट', 'वेअर आउट'), वाटणं दिसतं ('हँड आउट'), आणि शोधून काढणंही ('फाइंड आउट', 'फिगर आउट'). 'ऑन' पुढे चालू ठेवतं: 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. 'डाउन' कमी करतं किंवा कागदावर उतरवतं: 'स्लो डाउन', 'कट डाउन', 'नोट डाउन'. 'ऑफ' म्हणजे सुटणं, तुटणं. बंदुकीची गोळी सुटते तसा अलार्म सुटतो, असं डोक्यात ठेवलं की 'गो ऑफ' पुन्हा फसवत नाही.

हे सगळं लक्षात ठेवायला वापरा. अनोळखी वाक्याचा अर्थ लावायला वापराल तर अंगाशी येईल. 'थ्रू' म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. 'गेट थ्रू' मध्ये तसं होतंही. मग 'फॉल थ्रू' म्हणजे काम तडीस गेलं? नाही, फिसकटलं. घर 'बर्न डाउन' झालं काय आणि कागद 'बर्न अप' झाला काय, दोन्ही जळून खाकच. तर्क कार्डाला आधार देतो, कार्डाची जागा घेत नाही.

तपासणी ५: 'इट' कुठे बसतं

सोपी चाचणी आहे: क्रियापदाला 'इट' किंवा 'हिम' लावून बघा.

काही फ्रेझल व्हर्ब्ज मधून उघडतात. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की ते मध्येच जातं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कधीच नाही. सर्वनाम हलकं असतं, ते शेवटच्या जोराच्या जागी उभं राहू शकत नाही. कर्म लांबलचक असेल तर उलट, ते मागे ठेवा: 'टर्न ऑफ ऑल द लाइट्स इन द कॉरिडॉर'. ते मध्ये कोंबलं तर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा मूळ क्रियापद विसरलेला असतो.

काही उघडतच नाहीत. 'लुक आफ्टर हिम', 'रन इनटू हर', 'गेट ओव्हर इट', 'कम अक्रॉस इट'. 'शी टेक्स आफ्टर हर मदर', म्हणजे ती आईवर गेली आहे. इथे आई शेवटीच. तीन शब्दांची मंडळीही बहुधा बंदच असतात: 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑफ इट', 'कम अप विथ इट'. आणि काहींना कर्मच नसतं. गाडी नुसतीच 'ब्रेक्स डाउन'.

कोणतं कोणत्या गटात हे रूपावरून कळत नाही. लाँगमनच्या शब्दकोशात उघडणाऱ्या क्रियापदात कर्म आणि शेपूट यांच्या मध्ये दुहेरी बाण असतो. तो दिसला की कार्डावर 'इट' घातलेलं वाक्य लिहा: 'आय पुट इट ऑफ टिल मंडे'. कार्ड एकच, आणि त्यात शब्दक्रम फुकट पाठ होतो. इथे आळस केला तर कधीकधी अर्थच फिरतो. 'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे मी त्याचा डाव ओळखला. 'आय सॉ हिम थ्रू' म्हणजे अडचणीतून बाहेर पडेपर्यंत मी त्याच्या पाठीशी राहिलो.

याच जागी आणखी एक जुना बिघाड भेटतो: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. 'टू' दिसला की पुढे साधं क्रियापद घालायची सवय असते. पुन्हा 'इट' लावा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' पुरं वाक्य आहे, म्हणजे 'टू'पुढची जागा नामाची. तिथे 'मीटिंग' हवं. 'आय वॉन्ट टू इट' लंगडं आहे, म्हणून तिथे 'मीट'. 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'कीप ऑन' यांच्यापुढेही 'आयएनजी'चंच रूप येतं. 'गो ऑन' मात्र दोन्ही घेतं, आणि अर्थ बदलतो. 'ही वेंट ऑन टॉकिंग', तो बोलतच राहिला. 'ही वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी', आधीचं संपवून तो पैशांविषयी बोलू लागला.

तपासणी ६: कान

इथवर सगळं ठीक, आणि तरी छ लक्षण आहे? मग उच्चार बघा. 'पिक इट अप' हे तीन शब्द प्रत्यक्षात 'पिकिटप' असे एका दमात येतात. अमेरिकन तोंडून 'पिकिडप'. 'गेट आउट ऑफ इट'चं 'गेटाउटविट' होतं. शब्दांमधली फट कागदावर असते, हवेत नसते.

जोराकडेही कान द्या. 'पिक इट अप' मध्ये जोर 'अप'वर पडतो, 'लुक ॲट इट' मध्ये 'लुक'वर. नाम झालं की जोर पहिल्या भागावर सरकतो आणि बहुधा शब्दही जोडला जातो: गाडी 'ब्रेक्स डाउन' मध्ये 'डाउन' ठासून, पण 'ब्रेकडाउन' झालं यात 'ब्रेक' ठासून. लिहिताना याचा फायदा होतो. 'लॉग इन करा' यातलं क्रियापद इंग्रजीत दोन शब्दांत, तर 'लॉगिन' हे नाम एका शब्दात.

सराव असा: वीस सेकंदांचा तुकडा घ्या, सबटायटल बंद. तीनदा ऐका, ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवा, मग सबटायटल लावून ताडून पहा. यूट्यूबचा वेग ०.७५ पर्यंत कमी करा, त्याखाली नको. फार हळू केलं की आवाज ओढला जातो आणि खरा जोड ऐकूच येत नाही. रोज एकच तुकडा. शेवटी तोच तुकडा त्याच वेगाने स्वतः म्हणा. जे तोंडाला म्हणता येत नाही ते कानाला पकडायला फार वेळ लागतो.

जाता जाता, मेलमध्ये वापरावं की नाही

'फ्रेझल व्हर्ब म्हणजे बोलीभाषा, मेलमध्ये नको' हा समज अर्धाच खरा. 'पुट अप विथ' ऐवजी औपचारिक पत्रात 'टॉलरेट' शोभतं. पण 'कॅरी आउट', 'पॉइंट आउट', 'रूल आउट', 'सेट अप' हे अहवालांत आणि शोधनिबंधांत सर्रास असतात. 'आय विल लुक इनटू इट' कोणत्याही साहेबाला पाठवा. शंका आली तर शब्दकोशात 'इनफॉर्मल' असा शेरा आहे का तेवढं पहा.

कधी थांबायचं, कोणाला बोलवायचं

नवीन कार्डं घालणं थांबवा, जर तीन आठवड्यांनंतर जुन्यांपैकी निम्मी सुद्धा मराठीवरून इंग्रजीत सांगता येत नसतील. आहेत ती कार्डं पुन्हा लिहा. बहुधा वाक्यं परक्याची असतात, आपल्या रोजच्या कामातली नसतात.

'वेंट', 'हॅज गॉन', 'वॉज गोइंग' यांतच गोंधळ असेल तर हा विषय महिनाभर बाजूला ठेवा. आधी काळ पक्के करा. पाया ओला असताना भिंत चढवू नये.

सहा आठवडे नेमाने करूनही बोलताना तीच चूक होत असेल, किंवा परीक्षेची तारीख जवळ आली असेल, तर शिक्षक गाठा. यादी पाठ करून घेणारा नको. तुमचं पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यातल्या चुका दाखवणारा हवा. पहिल्याच तासाला तो तुम्हाला किती बोलू देतो यावरून कळतं.

मराठी बोलणंही गर्दीत नीट ऐकू येत नसेल तर सराव थांबवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा. मराठी वाचतानाही अक्षरं उलटसुलट होत असतील, लहानपणापासून होत आली असतील, तर वाचनदोष तपासणाऱ्या तज्ज्ञाला भेटा. कार्डं कितीही चांगली केली तरी त्यावर उपाय होणार नाहीत.

करार, कर्जाची कागदपत्रं, व्हिसाचे अर्ज, शस्त्रक्रियेचं संमतिपत्र यांत फ्रेझल व्हर्ब आलं तर अंदाज अजिबात नको. 'साइन ओव्हर' आणि 'साइन ऑफ' यांत मालकी गमावण्याएवढा फरक आहे. 'टेक ओव्हर' म्हणजे काम हाती घेणं की कंपनीच ताब्यात घेणं, हे पुढच्या कलमावरून ठरतं. सगळ्यात फसवं 'राइट ऑफ'. 'द लोन वॉज रिटन ऑफ' वाचून कर्ज माफ झालं असं वाटतं. हिशेबाच्या भाषेत कर्ज देणाऱ्याने ते आपल्या वहीतून बुडीत म्हणून काढलेलं असतं. कर्जदाराकडून वसुली त्यानंतरही चालू राहू शकते. असं वाक्य समोर आलं तर शब्दकोश मिटा आणि तो कागद घेऊन वकिलाकडे किंवा चार्टर्ड अकाउंटंटकडे जा.